आईची भाषा आणि मातृभाषा

शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत माणूस किती रकान्यांत मावतो याचा हिशेब मुख्याध्यापकाच्या टेबलावर रोज मांडला जातो. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, पोटजात, राष्ट्रीयत्व, जन्मगाव, मातृभाषा. जात विचारली की पालक पटकन सांगतात, दाखलाही पुढे करतात. जन्मतारखेला काही जण अडखळतात, कारण आजोबांनी सांगितलेली एक आणि दवाखान्यातली दुसरी असते. पण आमच्या बेळगाव भागात काही घरे थांबतात ती मातृभाषेच्या रकान्याशी. नवरा बायकोकडे पाहतो, बायको जमिनीकडे पाहते, आणि मग नवरा म्हणतो, "मराठीच लिवा की सर." त्या ‘च’मध्ये पुष्कळ काही असते.

एकदा अशाच एका मुलीला मी गमतीने विचारले, "बाळ, घरी भांडण कुठल्या भाषेत होतं गं?" ती म्हणाली, "आई कानडीत चालू करत्या, बाबा मराठीत बंद करतात." पालक हसले, मीही हसलो आणि रकान्यात मराठी लिहिले. संगणकावरच्या यादीतून एकच नाव निवडता येते. दोन निवडण्याची सोय नाही. ‘भांडण सुरू होण्याची भाषा’ असा रकाना तर कुठेच नाही.

मातृभाषा म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या पुष्कळांना ठाऊक नसते. मला ती जनगणनेच्या कामामुळे ठाऊक झाली. जनगणनेच्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी बोलली ती भाषा. आई तान्हेपणीच गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. म्हणजे ‘मातृ’ हा शब्द तिथे अगदी अक्षरशः घेतलेला आहे. बाप, आजोबा, शाळा, राज्य यांचा त्यात संबंध नाही.

उलट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या शिक्षणमाध्यमाच्या खटल्यात निकाल दिला, त्यात मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे असे म्हटले. म्हणजे एकाच देशात एका दारात मातृभाषा ही घडून गेलेली गोष्ट आहे आणि दुसऱ्या दारात ती निवडायची गोष्ट आहे. मला दोन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर वाटतात. पंचाईत एवढीच, की माणूस एकच असतो आणि त्याला दोन्ही दारांत उभे राहावे लागते.

शिक्षकाला जनगणना चुकत नाही. २००१ आणि २०११ अशा दोन्ही वेळी फेब्रुवारीत मी वही घेऊन दारोदार हिंडलो. त्या सूचनापुस्तिकेत भाषेविषयी लिहिलेले मला फार शहाणपणाचे वाटले होते. सांगणारा जे सांगेल तेच लिहावे. ती भाषा आहे की बोली, याचा काथ्याकूट प्रगणकाने करू नये. धर्मावरून भाषा ताडू नये. एवढेच नव्हे, तर एखाद्या भागात संघटित चळवळीमुळे लोक मातृभाषा खरी सांगत नाहीत असा संशय आला तरी लिहायचे ते सांगितलेलेच, आणि वरिष्ठांना कळवायचे. स्वतः दुरुस्ती करायची नाही. ही शेवटची सूचना वाचताना आम्ही सीमाभागातले मास्तर एकमेकांकडे बघून हसलो होतो.

तरी त्या दोन फेऱ्यांत जे ऐकले ते विसरता येत नाही. नावगाव सांगणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती माहिती गुप्त आहे आणि ती गुप्तच राहावी. एका घरी घरधन्याने मातृभाषा उर्दू सांगितली. मी लिहीत असतानाच आतून त्याची म्हातारी आई ओरडली, "अरं, मास्तरास्नी चा घे म्हणावं." तो ओशाळला नाही, मीही मान वर केली नाही. त्याची नमाज, त्याच्या मुलांची शाळा, त्याचे सोयरे, हे सगळे त्या ‘उर्दू’ शब्दात होते. आईची हाक रकान्यात बसत नव्हती, एवढेच. शिवारात ऊसतोडीसाठी विजापूरकडून आलेल्या लमाणांच्या खोपी होत्या. तिथल्या बाईने ‘गोरमाटी’ असे सांगितले. मी तसेच लिहिले. पुढे भाषांचे तक्ते पाहिले तेव्हा कळले, की लमाणी ही मातृभाषा हिंदी या मोठ्या नावाखाली मोजली जाते. त्या बाईला हिंदीचे चार शब्द येत असतील तर शपथ. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे आली होती. ती तपासून, जुळवून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या १२१ भाषा उरल्या. गाळणी जितकी बारीक तितके सांडणारे जास्त.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इकडच्या वाचकांना वाटेल, एवढा घोळ कशाला? आपण काय बोलतो ते लिहावे आणि मोकळे व्हावे. त्यांच्याकडे या रकान्यात मराठी लिहिणे ही घराण्याची आठवण आहे. आमच्याकडे ते मतदान आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे पाटसकर सूत्र इथल्या प्रत्येक चावडीवर तोंडपाठ आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा; महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संरक्षण कागदावर आहे. ते प्रत्यक्षात किती मिळते हा वेगळा विषय आहे. पण तो १५ चा आकडा जिथून येतो तो रकाना हाच. म्हणून आमच्या दारात प्रगणक ‘मातृभाषा?’ असे विचारतो तेव्हा त्याच्या मागे आणखी कोणी तरी उभे राहून ऐकत आहे असे माणसाला वाटते. मग तो स्वतःपुरते उत्तर देत नाही. शाळेच्या वतीने देतो, गल्लीच्या वतीने देतो, हुतात्म्यांच्या वतीने देतो.

अमर्त्य सेन यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात म्हटले आहे, की माणूस एकाच वेळी अनेक समूहांचा असतो आणि त्यांतली कुठली ओळख केव्हा महत्त्वाची, हे त्याने विवेकाने ठरवावे. एकाच ओळखीत त्याला कोंबले की हिंसा जवळ येते. मला हे मनापासून पटते. पण आमच्या चावडीवर बसून ते वाचले की एक शंका येते. विवेकाने ठरवायचे खरे, पण प्रश्न कोणी विचारावा हे कुठे आपल्या हातात असते? ‘कोण तुम्ही?’ असे कोणी मोकळे विचारत नाही. पंचायतीत भाषा विचारतात, सोयरिकीत जात विचारतात, मुंबईला गेलो की ‘कर्नाटकातून आलात का?’ असे विचारतात, आणि बंगळूरच्या कचेरीत आपल्या कन्नडाचा हेल ऐकून ‘महाराष्ट्रदवरा?’ असे विचारतात. आपण तिथे ‘नाही’ म्हणतो आणि इथेही ‘नाही’च म्हणतो.

आणि या ओळखी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसतात असेही नाही. एक जिथे अडवते तिथे दुसरी वाट काढून देते. आमच्या घरचेच पाहा. वडील खानापूर तालुक्यातले, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. आई बैलहोंगलकडची, घर पूर्ण कानडी. जात एक, कुलदैवत एक; आमच्याकडे तिला रेणुका म्हणत, आजोळी यल्लम्मा, आणि दोन्ही घरच्या बैलगाड्या सौंदत्तीच्या डोंगरावर एकाच जत्रेला जात. म्हणून १९६१ साली सोयरीक झाली. भाषेची वेस कोणाला आडवी आली नाही, कारण जात तिच्यावरून उडी मारून गेली. पण आमच्याच आळीत, आमच्यासारखीच मराठी बोलणारी, चार घरे सोडून राहणारी माणसे होती. त्यांच्याशी अशी सोयरीक कोणाच्या स्वप्नातही आली नसती. भाषिक एकजुटीवरची भाषणे ऐकताना मला ती चार घरे नेहमी आठवतात. असो.

आई सासरी आली तेव्हा तिला मराठी येत नव्हती. आजीने चुलीपुढे बसवून शिकवली. परात, उलथणे, शिंके, उखळ, अशी वस्तूंच्या नावांनी सुरुवात झाली, म्हणून आईची मराठी शेवटपर्यंत नामांत पक्की आणि लिंगांत कच्ची राहिली. ‘तो भाकरी’ म्हणायची. आम्ही हसायचो, वडील हसू देत नसत. आमच्याशी ती दिवसभर मराठी बोले. पण पैसे मोजताना ओंदु, एरडु, मूरु. आम्हाला ताप आला की कपाळावर हात ठेवून जे पुटपुटायची ते कानडीत. आणि झोपवताना कानडी. आम्हीही तिला दिवसा ‘आई’ म्हणत असू, आणि आजारपणात, अंधारात, विंचू चावल्यावर ‘अव्वा’. हे कोणी ठरवलेले नव्हते.

आता जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे माझी मातृभाषा कोणती? लहानपणी आई बोलली ती. दिवसाची घ्यायची की रात्रीची?

१९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. गोळीबारात माणसे गेली. आमच्या घरी कोणी आईला चकार शब्द बोलले नाही, हे सांगायलाच हवे. पण त्या पावसाळ्यात मी पाहिले, की आठवड्याच्या बाजारात ज्या कानडी माळणीकडून ती वर्षानुवर्षे भाजी घेई, तिच्याशी आई मराठीत बोलू लागली. माळीण कानडीत भाव सांगे, आई मराठीत घासाघीस करी. दोघींना एकमेकींचे पूर्ण कळत होते. दोघी त्याच वयाच्या, कदाचित एकाच बाजूच्या.

आमच्या मुलुखात अशी कोडी मोठमोठ्यांनी अंगावर वागवली आहेत. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले, १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. त्यांनी कन्नडसाठी जे टोपणनाव घेतले ते ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचे नाव त्यांनी लावले ते तिची भाषा नसलेल्या भाषेत. कन्नड वाचकाला ते खटकले नाही, आणि मराठी माणसाने त्यांना आपले म्हणायचे सोडले नाही. दुसरे कुमार गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, जन्म १९२४, गाव सुळेभावी, आमच्या बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. घर कानडी, शिक्षण मुंबईत देवधरांकडे, संसार माळव्यात देवासला. गायले ते कबीर, माळवी लोकगीते आणि मराठी नाट्यपदे. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम त्यांनी केला तेव्हा या माणसाची मातृभाषा कोणती, असा प्रश्न सभागृहात कोणाच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. आणि ज्याच्या पायाशी दोन्ही भाषांचे वारकरी लोटतात त्या विठ्ठलालाच आपल्या संतांनी कानडा म्हणून ठेवले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथाला ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ असे नाव दिले ते उगीच नाही.

पण खरे सांगायचे तर हे दाखले देऊन माझे समाधान होत नाही. सीमाभागातल्या प्रत्येक समारंभात बेंद्रे आणि कुमारजी निघतात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी पाट्यांचे भांडण पुन्हा सुरू होते. मोठ्या माणसांना दोन घरे शोभतात. चुलीपुढच्या बाईला ती परवडावी लागतात.

२०११ च्या फेब्रुवारीत मी दुसऱ्या वाडीत मोजणी करीत होतो. आमच्या घरी आल्या त्या कन्नड शाळेतल्या एक बाई. रविवार होता, म्हणून मी घरी होतो. वडील खुर्चीत, आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली. बाईंनी सगळ्यांची माहिती घेतली, वडिलांची मातृभाषा मराठी लिहिली आणि आईकडे वळून सहज कानडीत विचारले. आईच्या बोलण्यावरून त्यांना ती आपल्याकडची हे केव्हाच कळले होते. आई सुपातून मान वर न काढता कानडीतच म्हणाली, "नंदु मराठी री." माझी मराठी हो.

बाईंचे पेन थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. सूचना त्यांनाही पाठ होत्या. त्यांनी मराठी लिहिले, दुसऱ्या रकान्यात कन्नड लिहिले, चहा घेतला आणि गेल्या.

रात्री मी विचारले, "आई, असं का सांगितलंस? तुझी अव्वा काय मराठी बोलत होती?" आई म्हणाली, "पन्नास वर्सं झाली या घरात. मी कानडी लिवून घेतलं तर तुमचं एक माणूस कमी पडंल की." तिला सही करता येत नव्हती. १५ टक्क्यांचे तिला कोणी सांगितलेले नव्हते. पण माणसे मोजली जात आहेत आणि कुठल्या बाजूला मोजली जात आहेत, हे तिला त्या दारातल्या वहीकडे पाहून बरोबर कळले होते. तिच्या स्वतःच्या आईची भाषा तिने आमच्या पदरात टाकली. वडील त्या रात्री जेवताना नेहमीपेक्षा कमी बोलले.

२०१८ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा थोडी परतली, पण परतली ती कानडीत. डॉक्टर म्हणाले, मागाहून शिकलेली भाषा कधी कधी आधी जाते. सगळ्यांच्या बाबतीत असे होतेच असे नाही. आईच्या बाबतीत झाले. परात, उलथणे, शिंके सगळे गेले. माझ्या मुलीने शालान्त परीक्षेत तृतीय भाषा कन्नडमध्ये शंभरपैकी शहाण्णव गुण मिळवले होते. ती उशाशी बसली की आई विचारायची, "ऊट आतेन?" जेवलीस का. मुलगी माझ्याकडे पाहायची. तिच्या पुस्तकात ‘ऊट आयिते?’ होते. कविता, निबंध, पत्रलेखन सगळे येत होते. आजीचे दोन शब्द येत नव्हते. शेवटी हुबळीहून अक्का आली, माझी थोरली बहीण. तिचे सासर कानडी. ती सात आठवडे राहिली आणि दुभाषी झाली, आमच्याच घरात, आमच्याच आईची. आई दिवाळीच्या आधी गेली.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची. आमच्या शिक्षकांत त्याची चर्चा आहे, या वेळी सगळे मोबाइलवर आणि जातीचीही नोंद. तरुण मास्तर मला विचारतात, "सर, तुमचं काय लिहायचं?" ते चेष्टेने विचारतात, कारण मराठी शाळेचा मुख्याध्यापक काय लिहिणार हे उघड आहे. मी मराठीच सांगणार आहे. ज्या शाळेत पटसंख्या टिकवण्यासाठी आम्ही उन्हाळ्यात घरोघर फिरतो, त्या शाळेचे माझ्यावर देणे आहे. आणि आईने जी बाजू सांगितली ती सोडून मी एकट्याने शुद्ध होण्यात मला अर्थ दिसत नाही. इतर अवगत भाषा दोनच लिहिता येतात. पहिली कन्नड. दुसरी हिंदी की इंग्रजी, हे मी अजून ठरवलेले नाही; एम. ए. मराठीच्या माणसाला इंग्रजी सोडली तरी चालेल असे वाटते.

गेल्या महिन्यात फोनवर अक्काशी याबद्दल बोललो. ती म्हणाली, "मी कन्नड लिहिणार बघ." मी म्हटले, "सासरच्यांसाठी?" म्हणाली, "अव्वासाठी. झोपवताना मराठीत कधी बोलली का ती आपल्याशी?" मी म्हटले, "अगं, मग एका आईच्या दोन लेकरांच्या दोन मातृभाषा होतील." अक्का जरा थांबली आणि म्हणाली, "होऊ देत की. तिलाबी दोन होत्या." मग तिने विचारले, भाऊबीजेला तू येतोस की मी येऊ? मी म्हटले, मी येतो. फोन ठेवताना सवयीप्रमाणे ती म्हणाली, "ऊट आतेन?" मी "आतु" म्हणालो.